रामकुंडाजवळची नामावळी

आमच्या घराण्याचा शोध मी पंचवटीत, आमच्या तीर्थोपाध्यायांच्या ओसरीवर सुरू केला. मोगल अमदानीत गुलशनाबाद म्हणवले गेलेले आणि पेशवाईत पुन्हा नाशिक झालेले हे शहर माझ्या दृष्टीने देवळांइतकेच या नामावळ्यांमुळे ओळखले जावे, कारण रामकुंडावर अस्थिविसर्जनाला किंवा श्राद्धाला आलेल्या असंख्य कुटुंबांच्या पिढ्या येथील उपाध्यायांनी आपल्या वह्यांत जपून ठेवल्या आहेत. नोंद शोधायची तर आडनाव आणि मूळ गाव दोन्ही सांगावे लागतात. आमचे मूळ गाव कोणते, हे आत्याने मरणापूर्वी सांगितले नसते, तर मी रिकाम्या हाताने परतलो असतो.

गुरुजींनी लाल फडक्यातून लांबट वही सोडवली आणि पणजोबांची मोडीतली सही दाखवली. शाई तपकिरी पडली होती, आडनावाच्या शेवटच्या अक्षरापाशी बोरू किंचित अडखळला होता. खाली त्यांचे भाऊ आणि मुलगे होते, पण पणजीचे नाव कोठेच नव्हते. त्याचे मला फार वाईट वाटले. निघण्यापूर्वी मी आमची नावे लिहिली, आईचे आणि मुलीचेही.