काका, तुम्ही स्वतः काय खाता?

रविवार कारंजावर सुकामेव्याचं दुकान म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेला. काट्यावर बदाम पडलेले असतात, भाव ऐकून ताई जरा थबकतात आणि विचारतात, "काका, एवढं सगळं हाताशी असतं, तुम्ही स्वतः रोज काय खाता?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मूठभर भाजलेले शेंगदाणे, चार-पाच बदाम आणि जमेल तसा काजू तुकडा.

शेंगदाण्याचं नाव काढलं की समोरचा चेहरा पडतो. पण हिशेब बघा. मॅग्नेशियम हे स्नायूंना, नसांना, रक्तदाबाला लागणारं खनिज. शंभर ग्रॅम बदामात ते साधारण २७० मिलिग्रॅम, काजूत २९०, शेंगदाण्यात १७० च्या आसपास. मोठ्या माणसाची रोजची गरज ३५० ते ४५०. शेंगदाणा मागे पडतो खरा, पण बदामाच्या पैशांत तो कितीतरी पट जास्त येतो, वर शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅम प्रथिनं. वनस्पतिशास्त्रात तो डाळींच्या कुळातला. पोटाला त्याचं सोयरसुतक नाही.

काजूचं तर विचारूच नका. डब्यावर 'डब्ल्यू ३२०' लिहिलेलं असतं, म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त ३२० अख्खे काजू बसतात. आकडा मोठा तसा काजू बारीक, एवढाच त्याचा अर्थ. जस्त, तांबं, लोह तुकड्यातही तेवढंच. दिवाळीत द्यायला अख्खा न्या, घरी खायला तुकडा. हे सांगून माझाच धंदा कमी होतो, असं मुलगा म्हणतो.

हाडांसाठी बदाम मागणाऱ्यांना मी तिळाकडे वळवतो. शंभर ग्रॅम बदामात कॅल्शियम २६५ मिलिग्रॅमच्या घरात, न सोललेल्या तिळात हजाराच्या आसपास. सालीतल्या ऑक्झलेटमुळे ते सगळं अंगी लागत नाही, तरी चमचाभर तिळाची चटणी पानात असावी. ती काय फक्त संक्रांतीपुरती नसते.

लोहाचीही तीच गत. दाण्यांत फायटेट असतं, ते लोह आणि जस्त अडवून धरतं. उकडलेल्या शेंगांवर, काजूच्या उसळीवर लिंबू पिळलं की लोह बरं शोषलं जातं. चहा मात्र आडवा येतो. आपल्याकडे संध्याकाळी चहाबरोबरच खारे काजू लागतात! रक्तदाब असेल तर ते मीठही नको.

आणि हो, बदाम भिजवून खनिजं वाढत नाहीत. चावायला सोपे होतात, बस. साल टाकली तर तंतू मात्र जातात.

अक्रोड थोडेच न्या. एप्रिलच्या उन्हात ते लवकर खवट होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा. शेंगदाणे निवडून घ्या. बुरशीचा, काळपट दाणा दिसला की फेकायचा, भाजून खपवायचा नाही. त्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक आणि भाजल्यानं ते पुरतं जात नाही.

किडनीचा त्रास असलेलं कुणी आलं, की मी पुडा बांधायला घेत नाही. दाण्यांत पोटॅशियम, फॉस्फरस भरपूर. आधी डॉक्टरांना विचारून या म्हणतो.