बंद हो म्हटलं म्हणून पंप बंद होत नाही

सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचा कंट्रोलर करायला घेतला की स्टेट मशीनचं, म्हणजे पंप कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जातो त्याचं, चित्र सगळ्यांचं सारखंच असतं, आयडल, स्टार्टिंग, रनिंग आणि कोपऱ्यात एरर नावाचा एक गोल, सगळे बाण त्याच्यात जातात आणि आत काय होतं ते कोणीच लिहीत नाही. मला विचाराल तर खरं डिझाइन त्या गोलातच आहे.

आता बघा, खालची टाकी रिकामी झाली, ड्राय रन (पाण्याशिवाय पंप चालणं) पकडला, कंट्रोलरने कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) सोडला. झाला पंप बंद? कॉन्टॅक्ट चिकटून बसले असतील तर मोटर चालूच आहे आणि आपलं रजिस्टर (कंट्रोलर आपली स्टेट जिथे लिहून ठेवतो ते) म्हणतंय बंद. म्हणून "बंद करतोय" ही वेगळी स्टेट हवी, तिथे सीटीवर (करंट मोजणाऱ्या सेन्सरवर) करंट शून्य झाला का ते बघायचं, दोनेक सेकंदात नाही झाला तर "बंद होत नाहीये" मध्ये जाऊन मागचा ब्रेकर पाडायचा आणि हूटर वाजवायचा. करंट खरंच गेला की मगच "फॉल्ट लॉक".

आणि लॉक म्हणजे लॉक! पावसाळ्यात लाइट जाऊन आली की कंट्रोलर रिसेट होतो, फॉल्ट विसरतो, टाकी अजून कोरडीच आणि पंप परत सुरू, मग सील जळणारच ना. फॉल्ट ईईप्रॉममध्ये, म्हणजे लाइट गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत लिहा, बूट झाल्यावर पहिला तोच वाचा.

रिसेटच्या बाबतीत मी फार कडक आहे. थेरॅक-२५ या रेडिएशन मशीनने १९८५ ते १९८७ मध्ये सहा पेशंटना भयंकर जास्त डोस दिला, सॉफ्टवेअरमध्ये चुका होत्याच, पण मशीन थांबून नुसता कोड दाखवायचं आणि ऑपरेटरने 'पी' दाबलं की पुढे चालू. रात्री वरच्या मजल्यावरून पाण्यासाठी फोन आला तर वॉचमन काका पण बटण दाबणारच, त्यांचा काय दोष? डिस्प्लेवर "खालची टाकी रिकामी" असं सरळ लिहा आणि सेन्सरला पाणी दिसेपर्यंत रिसेट घेऊच नका.

हेच एफपीजीएमध्ये (हवं ते सर्किट बनवता येणाऱ्या चिपमध्ये) करत असाल तर अजून एक, एररच्या जागी आलेल्या तीन धरून सहा स्टेट तीन बिटात बसवल्या की दोन कोड उरतात, नॉइजने रजिस्टर तिथे गेलं तर? उरलेल्या कोडसाठी डिफॉल्ट लिहिलं तरी सिंथेसिस टूल (कोडवरून सर्किट बनवणारं सॉफ्टवेअर) "इथे कधी पोचतच नाही" म्हणून ते उडवू शकतं, तेव्हा सेफ एफएसएमचं (एफएसएम म्हणजे स्टेट मशीनच) सेटिंग चालू करा आणि ते दोन्ही कोड "बंद करतोय" कडे वळवा, आयडलकडे नाही, कारण त्या क्षणी मोटर चालू आहे की नाही हे आपल्याला माहीतच नसतं.