कमिटी बसेपर्यंत शेळी आटली

"बाई, तुमची कमिटी बसंल तवर शेळी आटंल की!"

तुळजापूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या आज्जींनी मला हे ऑक्टोबर २०२४ मध्ये ऐकवलं आणि जानेवारीत ते खरं झालं. पशुवैद्यकातली पदवी झाल्यावर मी एम.व्ही.एस्सी.ला प्राणी जैवतंत्रज्ञान घेतलं. प्रबंधाचा विषय उस्मानाबादी शेळीच्या दुधातले मायक्रो-आरएनए. विज्ञानाने मला फार छळलं नाही. छळलं ते एका अर्जाने. मित्रमैत्रिणी सारख्या विचारतात म्हणून, आणि राग अजून गेलेला नाही म्हणूनही, एकदाचं लिहून टाकतेय.

आधी विषय थोडक्यात. शेळीच्या कासेतल्या पेशींना दुधातली चरबी आणि प्रथिनं तयार करायचे हुकूम जनुकांकडून येतात. त्या हुकमाची नक्कल म्हणजे मेसेंजर आरएनए. मायक्रो-आरएनए हा जेमतेम २२ अक्षरांचा तुकडा. तो नकलेच्या शेपटाकडच्या भागाला चिकटतो, मग नक्कल नष्ट तरी होते किंवा वाचलीच जात नाही. थोडक्यात, फाइल अडवून बसणारा कारकून. शेळीत मिर-२७अ नावाचा मायक्रो-आरएनए असाच बसतो: तो वाढला की कासेच्या पेशीतलं ट्रायग्लिसराइड, म्हणजे दुधातली मुख्य चरबी, घटतं, त्याला दाबलं की वाढतं. मिर-१०३ वाढवला तर उलट चरबीचे थेंब वाढतात. यावरचं बरंच काम चीनमध्ये यांगलिंगच्या कृषी विद्यापीठात सानेन या दुधाळ जातीच्या शेळ्यांच्या पेशींवर झालंय. मला सगळ्यात मजेशीर वाटतो तो मिर-१४५. चरबी बनवायला लावणारं एसआरईबीपी नावाचं प्रथिन आहे, त्याला इन्सिग-१ हे दुसरं प्रथिन अडकवून ठेवतं, आणि मिर-१४५ या इन्सिगलाच अडवतो. अडवणाऱ्याला अडवलं की फाइल पुढे सरकते. हे मी वाचलं होतं, पण कळलं ते पुढे आमच्या ऑफिसात.

या तुकड्यांचं प्रमाण वेताच्या टप्प्यानुसार बदलतं, त्यामुळे माझा सगळा प्रश्न 'कधी' हाच होता. व्यायल्यानंतर १५व्या, ४५व्या आणि ९०व्या दिवशीचं दूध हवं. सानेन आठ-दहा महिने दूध देते. आमची उस्मानाबादी मुळात मटणाची आणि जुळ्या करडांची शेळी, तीन-चार महिन्यांत आटायला लागते. १५वा दिवस हुकला की हुकला. पुढचं वेत सात-आठ महिन्यांनी.

शेळ्या सप्टेंबरअखेर व्यायच्या होत्या, म्हणून मी ऑगस्टच्या मध्याला प्राणी नीतिसमितीकडे, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या आमच्या कमिटीकडे, अर्ज टाकला. दीड महिना हातात होता आणि मागायचं होतं एका शेळीचं एका वेळी ५० मिली दूध, तेही मालकीण रोज धार काढते त्याच वेळी, तिच्याच हाताने. सुई, भूल, औषध, काही नाही. परवानगी चार दिवसांत मिळेल असं मी धरून चालले. आता हे वाक्य लिहिताना माझं मलाच हसू येतंय.

अर्ज पहिल्यांदा परत आला तो खिडकीवरूनच. "शेळी म्हणजे मोठा प्राणी. मोठ्या प्राण्यांची फाइल दिल्लीला जाते." मी म्हटलं, प्रयोग शेळीवर नाही, दुधावर आहे. "दूध कुणाचं?" शेळीचं. "मग?" या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या मार्गदर्शक मॅडम स्वतः जाऊन बोलल्या, तेव्हा 'बैठकीत ठेवू' इथवर गाडी आली. बैठक सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती. केंद्राच्या समितीने नेमलेले प्रतिनिधी हजर असल्याशिवाय ती भरत नाही. ते आले नाहीत. बाकीची मंडळी चहा पिऊन उठली. मी बाहेर बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसलेली. शिपाईमामांनी मलाही चहा दिला, एवढीच त्या दिवसाची कमाई.

२७ सप्टेंबरला आज्जींची शेळी चंद्री व्यायली. तिच्यामागे आठवड्याभरात आणखी पाच.

७ ऑक्टोबरला वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं: मायक्रो-आरएनएच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना. एक मिलिमीटरच्या जंतात त्यांनी १९९३ साली दाखवलेली गोष्ट. विभागात पेढे वाटले. आपलंच कुणीतरी पास झाल्यासारखे. आणि त्याच दुपारी माझा अर्ज दुसऱ्यांदा परत आला. या वेळी तीन शेरे होते. एक, शेळ्यांची संख्या १२च का, याचं समर्थन नाही. हा मान्य, चूक माझीच. दोन, मालकाचं संमतिपत्र इंग्रजीत आहे. हाही मान्य, मी कुठूनतरी नमुना उचलला होता आणि आज्जींना इंग्रजी कागदावर अंगठा करायला लावणार होते, याची आज लाज वाटते. तिसरा शेरा मात्र मी जन्मात विसरणार नाही: रकाना रिकामा आहे. कोणता रकाना? प्रयोगानंतर प्राण्याची विल्हेवाट कशी लावणार, दयामरण की पुनर्वसन?

मी तिथेच पेन काढून लिहिलं: 'शेळी मालकीणबाईंच्या दारात बांधलेली राहील व शेवरीचा पाला खाईल.' कारकुनांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, खाडाखोड चालत नाही, नवीन प्रत आणा. सहा प्रती.

अर्जातले प्रश्न वाईट नाहीत, हे रागातही सांगायला हवं. हाच प्राणी का, इतकेच का, हे आधी कुणी केलंय का, हे विचारायलाच हवं. मुक्या जनावराच्या वतीने कुणीतरी विचारतंय, हे मला पशुवैद्य म्हणून पटतं. राग आहे तो शेरे एकेक करून देण्याचा. तिन्ही ऑगस्टमध्येच सांगितले असते तर? शिवाय दर खेपेला फाइल रांगेच्या शेवटी. ऑक्टोबरात १५वा दिवस गेला. नोव्हेंबरात ४५वा. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन आज्जींकडे गेले, तेव्हा त्यांनी न विचारताच चंद्रीची कास दाबून दाखवली, निम्म्यावर आली होती. मी पिशवीत ५० मिलीच्या नळ्या घेऊन हिंडत होते आणि एक थेंब घ्यायची सोय नव्हती. परवानगीआधी घेतलेला नमुना प्रबंधात वापरता येत नाही. 'घेऊन टाक, कुणाला कळतंय' असं सांगणारे दोन सीनियर भेटले. घेतला नाही. त्याचा अभिमान आहे, पण तेव्हा रडू आलं होतं.

डिसेंबरच्या बैठकीला प्रतिनिधी आले. माझ्या वाट्याला सात मिनिटं आली. त्यांनी एकच विचारलं, "दूध काढल्यावर करडांना पुरतं का?" इतक्या महिन्यांतला पहिला शहाणा प्रश्न! मी सांगितलं, करडं आधी पितात, आम्ही नंतर. शेतकऱ्याच्या गोठ्यात, रोजच्या धारेच्या वेळी, शेळीला काही न करता दूध घ्यायचं, तर स्थानिक मंजुरी आणि मालकाची मराठीतली संमती पुरे, असं ठरलं. दिल्ली मिटली. पत्र हातात पडलं १३ जानेवारीला. चंद्री त्याआधी आठवडाभरच आटली होती.

पुढचं सगळं भराभर झालं. मेच्या शेवटी तीच शेळी पुन्हा व्यायली, आज्जींनी पहाटे फोन केला. नमुने थर्मोकोलच्या खोक्यात बर्फात घालून एसटीने आणले. कंडक्टर म्हणाले, "मासे असतील तर टपावर." सेंट्रिफ्यूज केल्यावर, म्हणजे यंत्रात जोरात गरगर फिरवल्यावर, नळीत वर सायीसारखा थर जमतो, तो घ्यायचा. तळाच्या गोळ्यात बहुतेक पांढऱ्या पेशी असतात, कासेची गोष्ट सायीत जास्त सापडते. शेळीची कास दूध सोडताना पेशीचे टवकेही सोडते, त्यामुळे या कामाला शेळी गायीपेक्षा उदार.

एक फसगत सांगायची राहिली. पहिल्या दोन नमुन्यांना मी विभागात पडून असलेला आरएनए काढायचा संच वापरला. त्याची गाळणी २०० अक्षरांपेक्षा लहान तुकडे धुऊन टाकते. म्हणजे मला हवे होते तेच मी नाल्यात सोडले. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तशी गत. संचाच्या पुस्तिकेत 'लहान आरएनएसह' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच वापरा, नाहीतर ट्रायझॉल या द्रावणाने, गाळणीशिवाय, साध्या पद्धतीने काढा. अल्कोहोल किती घालायचं यावरही लहान तुकडे गाळणीवर राहतात की जातात, हे ठरतं.

आणखी आठवेल तसं सांगते. अर्ज शेळी गाभण राहिली त्याच महिन्यात टाका. तिचे १५० दिवस आणि समितीचे १५० दिवस बरोबरीने चालू देत. वेत कितवं आहे तेही मालकिणीला विचारून लिहून ठेवा, पहिलटकरणीचे आकडे वेगळे येतात. हातमोजे दर नळीला बदला, आपल्या बोटांवरची विकरंच आरएनए खातात. आणि हो, तो विल्हेवाटीचा रकाना. मंजूर झालेल्या प्रतीत मी लिहिलं होतं: 'लागू नाही. प्राणी मालकाच्या ताब्यात राहील.' पाला मॅडमनी काढायला लावला.

मिर-१०३चा पहिला आलेख पडद्यावर वर चढला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि प्रयोगशाळेत मी एकटीच होते. आज्जींना फोन लावला. "दिसलं का दुधात काय?" म्हणाल्या. दिसलं म्हटलं. "मग आता शेळीचं दूध वाढंल का?" लगेच नाही वाढणार आज्जी, असं मी सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं. बर्फाचं खोकं परत आण तेवढं, मला दही ठेवाया चांगलंय."