तुम्ही विचारलंत म्हणून: शेवट ठाऊक असताना फासे कशाला?

अमेरिकन बेसबॉलचा १९५१ चा सीझन मी घरी फासे आणि कार्डांवर पुन्हा खेळतोय. “शेवट ठाऊक आहे ना? मग परत खेळायचं कशाला?” विचारणारे बदलतात, प्रश्न हाच. आणि त्याच्या पाठोपाठ ठरलेला दुसरा: “तेही बेसबॉल?”

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, ते सोपं आहे. बेसबॉलमध्ये हिशेबाचा तुकडा लहान आणि सुटा असतो: एक पिचर (चेंडू टाकणारा), एक बॅटर, एक निकाल. क्रिकेटमध्ये नुकताच आलेला बॅट्समन आणि चाळीस चेंडू खेळून नजर बसलेला तोच बॅट्समन, ही दोन वेगळी माणसं. “रणजीचे जुने सीझन घ्या की” म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा मुंबईच जिंकली, त्यासाठी फासे झिजवायची गरज नाही. आणि हो, हे बुक क्रिकेट नव्हे. पुस्तक उघडून पानाच्या आकड्यावरून रन काढताना गावसकरला जसा चौकार मिळायचा तसाच अकराव्या नंबरच्या चंद्रशेखरलाही. इथे चंद्रशेखरला चंद्रशेखरसारखंच खेळावं लागतं.

ते कसं, तर कार्डांमुळे. स्ट्रॅट-ओ-मॅटिक हा हॅल रिचमनचा खेळ, १९६१ पासूनचा. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, त्याच्या त्या वर्षीच्या आकडेवारीवरून बनवलेलं. फासे तीन, एक पांढरा आणि दोन रंगीत. पांढऱ्यावर १ ते ३ पडले तर निकाल बॅटरच्या कार्डावर बघायचा, ४ ते ६ पडले तर पिचरच्या. रंगीत फाशांची बेरीज ही कार्डावरची ओळ. बेरीज ७ यायला ३६ पैकी ६ वाटा, २ यायला एकच. म्हणून ७ च्या ओळीत काय छापलंय ते आधी बघावं, त्यावरून माणूस कळतो. काही ओळींत निकाल दुभागलेला असतो, तिथे २० बाजूंचा चौथा फासा. फासा डब्याच्या कडेला तिरका अडकला तर तिन्ही पुन्हा टाकायचे, तेवढा एकच नाही. एकच टाकला की बाकीचे दोन बघून हात वळतो.

सीझन १९५१, अमेरिकेतल्या दोन मोठ्या लीगपैकी नॅशनल लीग. ८ संघ, प्रत्येकाच्या १५४ मॅच, प्रत्येक जोडीच्या २२, एकूण ६१६. मॅचला फासे ७५-८० वेळा पडतात आणि हात बसला की एक मॅच अर्ध्या तासात होते. म्हणजे ३०० तासांच्या वर. “एवढ्या वेळात एखादी भाषा शिकला असतात” हेही ऐकून झालंय. असतो.

मेहनत फासे टाकण्यात नसतेच, ती वहीत असते. विली मेजचं कार्ड पहिल्या दिवसापासून डब्यात आहे, पण तो २५ मे च्या आधी खेळता कामा नये, कारण तोवर तो न्यूयॉर्कच्या जायंट्सकडे आलाच नव्हता. वर्षभरात १५ वेळा बॅटिंगला येऊन ८ हिट मारलेल्या कुणा फुटकळ खेळाडूचं कार्ड स्टॅन म्यूझियलसारख्या दिग्गजापेक्षा भारी निघतं. त्याला रोज खेळवलंत तर सीझनचा विचका झालाच म्हणून समजा. म्हणून प्रत्येकाला त्याच्या खऱ्या आकड्यापेक्षा फार तर १० टक्के जास्त संधी. स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणाऱ्या पिचरला चार दिवस विश्रांती. रविवारचे डबलहेडर (एका दिवसात दोन मॅच) आले की हा तक्ता कोलमडतो. दुसऱ्या मॅचला पिचर कुठून आणायचा हा प्रश्न त्या काळातल्या मॅनेजरांना पडायचा तसाच पडतो, आणि खरं सांगायचं तर ६१६ मॅचमधली निम्मी गंमत तिथेच आहे.

आता मूळ प्रश्न. खऱ्या सीझनमध्ये ११ ऑगस्टला जायंट्स पहिल्या नंबरावरच्या ब्रुकलिनच्या डॉजर्सपेक्षा १३½ मॅचने मागे होते. शेवटच्या ४४ पैकी ३७ जिंकून त्यांनी डॉजर्सना गाठलं. दोघेही ९६-५८ (९६ विजय, ५८ पराभव). मग तीन मॅचचा प्लेऑफ, आणि ३ ऑक्टोबरला जायंट्सच्या पोलो ग्राउंड्सवर, शेवटच्या म्हणजे नवव्या इनिंगमध्ये जायंट्स ४-२ असे मागे असताना बॉबी थॉमसनने डॉजर्सच्या राल्फ ब्रँकाला मारलेला, जायंट्सना जिंकवणारा होमरन (आपला षटकारच, पण बेसवरचे सगळे घरी येतात). मी पूर्वी तावातावाने सांगायचो की हे कितपत अटळ होतं ते बघतोय. दहातल्या सहा मॅच जिंकायची कुवत असलेला संघ १५४ मॅचमध्ये निव्वळ नशिबाने सहाएक मॅच वर किंवा खाली सरकतो, म्हणजे ९६ च्या जागी ९० किंवा १०२ सुद्धा त्याच संघाचे. मग खरा निकाल म्हणजे तरी काय, एकदाच टाकलेला फासा!

हे वाक्य मला फार आवडायचं. आता त्यातली गोची दिसते. कार्ड ज्या आकड्यांवरून बनलं ते त्याच एका फाशाचे आकडे आहेत. शिवाय कार्डाला महिना कळत नाही. जायंट्सचा तो ऑगस्ट-सप्टेंबर कार्डात आहे, पण पाण्यात मीठ विरघळावं तसा, सगळ्या सीझनभर सारखा. दुर्बिणीचंही तेच. जायंट्स पोलो ग्राउंड्सच्या सेंटर फील्डमागच्या क्लबहाउसमधून दुर्बिणीने समोरच्या कॅचरच्या खुणा (कुठला चेंडू टाक, हे तो पिचरला खुणेने सांगतो) चोरत होते, हे २००१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये जोशुआ प्रेगरने सविस्तर छापलं. हा उद्योग सुरू झाला जुलैत. त्याने किती हिट मिळाले यावर वाद आहेत, पण जे काही मिळाले असतील ते कार्डात आले. म्हणजे माझ्या सीझनमध्ये ती दुर्बीण एप्रिलमध्येही आहे आणि ब्रुकलिनच्या मैदानावरही आहे. तेव्हा “इतिहास तपासतोय” हा जुना दावा मी सोडून दिला. मग उरलं काय, तर हॅटन नावाच्या एका पिचरची भानगड. ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

१५ जून १९५१ ला डॉजर्स आणि शिकागोच्या कब्जमध्ये आठ खेळाडूंची अदलाबदल झाली. अँडी पाफ्को, जॉनी श्मिट्झ, रूब वॉकर आणि वेन टर्विलिगर ब्रुकलिनला. ब्रूस एडवर्ड्स, जो हॅटन, एडी मिक्सिस आणि जीन हर्मान्स्की शिकागोला. चार कार्डं या डब्यातून त्या डब्यात, चार उलटी. त्यातली सात गेली. हॅटन ब्रुकलिनच्या पिचरांच्या रबरबँडातच राहिला.

सगळ्या मॅच संपल्या तेव्हा वहीत डॉजर्स ९४-६०, जायंट्स ९३-६१. एका मॅचने डॉजर्स, थॉमसनचा होमरन रद्द. त्यानंतर शेवटचा ताळा घेताना ब्रुकलिनच्या पिचरांच्या इनिंगांची बेरीज संघाच्या इनिंगांपेक्षा ५⅓ ने कमी आली, आणि शिकागोची बरोब्बर ५⅓ ने जास्त. वहीत इनिंग खेळाडूच्या नावावर चढते आणि त्याचा संघ तारखेवरून ठरतो, म्हणून त्या इनिंग शिकागोच्या खात्यात पडल्या होत्या. पिट्सबर्गच्या पायरेट्सविरुद्धच्या डबलहेडरची दुसरी मॅच, ट्रेडनंतर थोड्याच दिवसांनी. चौथी इनिंग, दोन आउट, तिन्ही बेस भरलेले, ब्रुकलिन ४-३ पुढे. तिथे हॅटन आला आणि शेवटपर्यंत एकही रन न देता मॅच जिंकून गेला. त्या दिवशी तो शिकागोचा होता.

वहीच्या पहिल्या पानावर दोन नियम आहेत. एक: पडलेला फासा पुन्हा टाकायचा नाही. दोन: ज्या तारखेला खेळाडू ज्या संघात, त्याच संघातून खेळेल. आता कुठला पाळायचा?

तिसरी वाट दिसली. स्कोअरशीटवर प्रत्येक निकालाखाली फाशांचे आकडे बारीक लिहिलेले असतात. फासे तेच ठेवायचे, फक्त पिचरचं कार्ड बदलून निकाल पुन्हा वाचायचा. निम्मे फासे तर बॅटरच्या कार्डावर जातात, त्यांचा हॅटनशी संबंधच काय? ही युक्ती मला दहा मिनिटं अजोड वाटली. पण हॅटन डावखुरा. खेळाच्या पुढच्या पातळीत डावऱ्या आणि उजव्या पिचरसाठी बॅटरच्या कार्डावर वेगवेगळे रकाने असतात, म्हणजे पिचर बदलला की बॅटरचा निकालही बदलतो. तरी वाचायला बसलो. क्लाइड किंग पहिल्या मॅचमध्ये वापरून झाला होता, म्हणून एर्व पालिकाला आणलं. पहिलाच फासा, पांढरा ५, पिचरचं कार्ड. हॅटनच्या कार्डावर त्या ओळीत ग्राउंडर (सरपटी फटका) होता, तिसरा आउट, इनिंग खलास. पालिकाच्या कार्डावर वॉक, म्हणजे बॅटरला फुकटचा बेस. एक रन घरी, ४-४, इनिंग चालूच. युक्ती इथेच संपली, कारण पुढचा फासा मुळात ब्रुकलिनच्या बॅटरचा होता आणि आता समोर उभा होता पायरेट्सचा राल्फ काइनर. एकाचे फासे दुसऱ्याला कसे लावणार? तिथून पुढे नवे फासे. पांढरा २, बाकीच्यांची बेरीज ८. काइनरने त्या वर्षी ४२ होमरन मारलेत, जास्त सांगत नाही. पायरेट्स ८-४ पुढे, आणि शेवटी ८-६ ने विजयी.

डॉजर्स ९३-६१. जायंट्स ९३-६१.

हे इतकं नेमकं जुळलं की माझा माझ्यावरच संशय. नियमाप्रमाणे चाललो, हे ठासून सांगेन. पण पालिकाच का? ब्रँका दोन दिवसांपूर्वी पूर्ण मॅच टाकून बसला होता, तरी माझ्याच नियमात दोन दिवसांनंतर एका इनिंगपुरता स्टार्टर आणता येतो, आणि इथे हवा होता एकच आउट. शीटच्या समासात माझ्याच अक्षरात आहे: “ब्रँका नको.” का नको, ते लिहिलेलं नाही. बुलपेनमधून, म्हणजे मधेच बदली पिचर म्हणून, ब्रँका आला की काय होतं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे, पण ते ऑक्टोबरचं. जूनमधल्या पायरेट्सना आणि डॉजर्सच्या मॅनेजरला त्यातलं काय माहीत असणार?

म्हणजे तुमचा प्रश्न चुकीचा नाही. शेवट ठाऊक असल्याने फासे बिघडत नाहीत, ते ज्याच्या हातात असतात तो बिघडतो. दोन्ही डगआउटमध्ये मीच बसलेला असतो. मॅनेजरांचे निर्णय यंत्रावर सोपवायचा उपाय काहीजण सुचवतात, संगणकावर हाच खेळ तसा चालतो. मग ते ३०० तास मी नक्की काय करायचं? स्कोअर लिहायचा? तो मी लिहितोच. तरी पालिकाचा निर्णय मी मागे घेतलेला नाही, आणि बरोबर होता असंही म्हणत नाही. हॅटनवाली शीट फाडलेली नाही, नव्या शीटच्या मागे टाचणीने लावून ठेवली आहे.

नॅशनल लीगच्या नियमाप्रमाणे बरोबरी झाली की तीन मॅच. पहिली डॉजर्सच्या एबेट्स फील्डवर, उरलेल्या पोलो ग्राउंड्सवर, त्या वर्षी होत्या तशाच. तिन्ही शीट आखून तयार आहेत, फासा अजून टाकलेला नाही. तक्त्यानुसार तिसऱ्या मॅचला डॉजर्सचा स्टार्टर न्यूकोम्ब येतो, हेही तसंच. फरक एकच: खऱ्या प्लेऑफच्या शेवटच्या दोन मॅच डॉजर्सचा नेहमीचा कॅचर रॉय कॅम्पनेला दुखापतीमुळे खेळला नव्हता, ब्रँकाचा तो चेंडू रूब वॉकरने मागितला होता. माझ्याकडे कॅम्पनेला ठणठणीत आहे, त्यामुळे वॉकर बाकावर.