कॅज्युअल्टीच्या दारात: नातेवाइकाला काय ठाऊक असावे

घर नाशिकमध्ये आणि सगे-सोयरे निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे, असे असले की रात्री-अपरात्री एक फोन ठरलेला असतो: "ताई, पेशंट घेऊन निघालोय, कुठं आणू?" पेशंट कधी सख्ख्या नात्यातला असतो, कधी भावकीतला, तर कधी नुसता गावचा, शहरात राहणाऱ्याने मात्र हॉस्पिटलच्या दारात उभे असायचे, हे गृहीत असते. त्यामुळे कॅज्युअल्टीच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागाच्या, बाकड्यांवर माझा बराच वेळ गेला आहे, आणि तिथली निम्मी भांडणे आत काय चालले आहे हे बाहेर बसलेल्यांना कळत नाही म्हणून होतात, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

तिथे नंबर नसतो, ही पहिली गोष्ट. ज्याच्या जिवाला जास्त धोका त्याला आधी घेतात, आणि हे दारातच ठरते: शुद्ध, श्वास, नाडी आणि रक्तदाब पाहून नर्स किंवा ड्युटीवरचे डॉक्टर पेशंटची लाल (सर्वांत तातडीचा), पिवळ्या किंवा हिरव्या (थांबू शकणारा) गटात मनातल्या मनात किंवा कागदावर वाटणी करतात. माझ्या भाच्याचे मनगट मोटारसायकलवरून पडून मोडले तेव्हा तो वेदनेने ओरडत होता, दाजी काउंटरवर हात आपटत होते, आणि आमच्यानंतर आलेल्या एका घामाने डबडबलेल्या, एक शब्दही न बोलणाऱ्या गृहस्थांना थेट आत नेण्यात आले. दाजींना तो वशिला वाटला. "ओरडतोय म्हणजे श्वास नीट चाललाय, दादा, गप्प पडलेल्याची आम्हाला जास्त काळजी असते," असे तिथल्या ब्रदरने, म्हणजे पुरुष नर्सने, शांतपणे सांगितले, तेव्हा कुठे ते खाली बसले. ताटकळत बसावे लागणे ही पुष्कळदा बरी बातमी असते. मात्र बसलेल्या पेशंटला अचानक घाम फुटला, धाप लागली, तो असंबद्ध बोलू लागला किंवा पेंगू लागला, तर गप्प बसू नये, उठून लगेच सिस्टरना सांगावे. कारण दारात ठरलेला गट कायमचा नसतो.

छातीत दुखणाऱ्या पेशंटचा ईसीजी पोहोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत निघावा, असा संकेत आहे. हातापायांना चिमटे, छातीवर जेल लावून सहा ठिकाणी वायरी, बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप, दुसऱ्या बोटाला टोचून साखर आणि दंडाला रक्तदाबाचा पट्टा, हे सगळे एकाच वेळी दोन-तीन माणसे करत असतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो गोंधळ वाटतो. पेशंट बाई असेल तर पडदा ओढून घ्यायला सांगण्यात संकोच करू नये. आमच्याकडे छातीतल्या कळेला पहिले नाव "गॅस" हेच मिळते आणि सोडा-लिंबू पाजण्यात वेळ जातो. त्यातही बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत फारसे न दुखता नुसती धाप, मळमळ, घाम किंवा जबड्यात दुखणे एवढ्यावरच हृदयविकार दिसू शकतो.

पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी डॉक्टर सोडत नाहीत, यावरून मोठी कुरबुर होते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली असेल तर ट्रोपोनिन हे त्या स्नायूतले प्रथिन रक्तात वाढायला काही तास लागतात, म्हणून ती तपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागते आणि ईसीजीही पुन्हा काढावा लागतो. "बिल वाढवायला ठेवून घेतले" हा आरोप इतर ठिकाणी खरा असेलही, पण या बाबतीत तो सहसा चुकीचा असतो.

नातेवाइकाचे खरे काम म्हणजे माहिती देणे, आणि ती एकाच माणसाने द्यावी. पाच जण पाच वेळा सांगतात तेव्हा डॉक्टरांच्या कागदावर त्रास सुरू झाल्याच्या पाच वेगवेगळ्या वेळा पडतात. अर्धांगाच्या झटक्यात तर सगळे त्या वेळेवरच असते. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचे असते आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. सकाळी उठल्यावर तोंड वाकडे दिसले, तर "सहाला झाले" असे सांगून चालत नाही. रात्री झोपताना शेवटचे ठणठणीत कधी पाहिले, ती वेळ सांगावी लागते. औषधांचेही तसेच आहे. "बीपीची एक छोटी पांढरी गोळी" या वर्णनाचा कोणालाही उपयोग नसतो. चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाकून आणावीत, आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ते विचारण्याआधीच सांगावे. वाटेत चहा-पाणी पाजू नये. ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामे असलेले बरे, आणि गिळता न येणाऱ्याला ठसका लागून पाणी फुप्फुसात जाते.

आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागांच्या फवारणीतून होणाऱ्या विषबाधेचे पेशंट येतात, त्यांच्याबाबत दोन गोष्टी आग्रहाने सांगते. कीटकनाशकाची बाटली किंवा पुडा, निदान त्यावरच्या लेबलचा फोटो, सोबत हवाच, कारण उपचार घटकावर ठरतो. काही कीटकनाशकांत तोंडाला लाळ, अंगाला दरदरून घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, आणि त्यावर ॲट्रोपीन हे उताऱ्याचे इंजेक्शन पुन:पुन्हा द्यावे लागते. प्रत्येक कीटकनाशकावर ते चालत नाही. दुसरे म्हणजे मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा उपाय घातक आहे. त्यापेक्षा भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि निघावे.

साप चावलेल्याच्या बाबतीत लोकांना सर्वांत अस्वस्थ करणारा भाग म्हणजे काचेच्या कोरड्या नळीतली तपासणी. थोडे रक्त नळीत घेऊन ती वीस मिनिटे न हलवता उभी ठेवतात आणि मग तिरकी करून पाहतात; रक्त पातळच राहिले असेल, तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडली आहे, असे समजते. भाऊबंद मात्र "वीस मिनिटं नुसती नळी बघत बसलेत" म्हणून संतापतात. नाग किंवा मण्यार असेल तर हे रक्त नेहमीसारखे गोठू शकते, म्हणून डॉक्टर त्याच वेळी पापण्या जड होताहेत का, गिळता येते का, हेही पाहत राहतात. साप मारून पिशवीत घालून आणण्याची गरज नसते, आणि हातपाय करकचून बांधल्याने नुकसानच होते.

अपघात, मारामारी, भाजणे आणि विष या प्रकरणांत एमएलसी (मेडिको-लीगल केस) होते, म्हणजे हॉस्पिटल पोलिसांना कळवते. "आधी पोलीस, मग उपचार" असा नियम नाही. परमानंद कटारा खटल्यात 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने, डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे आधी आणि कागदपत्रे नंतर, असे स्पष्ट केले आहे. रस्त्यावरच्या जखमीला नेऊन सोडणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही. विष मुद्दाम घेतले असले तर घरचे ते "चुकून प्यायले" असे सांगतात. त्यामागची भीती मी समजू शकते, पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरलेले आहे, आणि डॉक्टरांना खरे प्रमाण व खरी वेळ कळली नाही तर उपचार चुकण्याची शक्यता वाढते.

कुठे न्यायचे, या प्रश्नाला माझे उत्तर आता ठरलेले आहे. श्वास थांबत असेल किंवा रक्त वाहत असेल तर जवळात जवळचे हॉस्पिटल. हृदय किंवा मेंदूचे प्रकरण असेल तर निघतानाच फोन करून रात्री सीटी मशीन आणि कॅथलॅब (हृदयाच्या बंद रक्तवाहिन्या उघडण्याची खोली) सुरू आहे का हे विचारावे, कारण छोट्या ठिकाणी दाखल करून तिथून रेफर होण्यात मोलाचा वेळ जातो, आणि नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत तो आणखी जातो. राज्यात 2014 पासून सुरू असलेली 108 रुग्णवाहिका मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. नुसती गाडी मिळाली म्हणून पेशंटला मागच्या सीटवर आडवे टाकण्यापेक्षा ती बरी. खर्चाची चिंता असेल त्यांच्यासाठी त्र्यंबक रोडचे सरकारी सिव्हिल हॉस्पिटल आहेच, आणि महात्मा फुले या सरकारी मोफत उपचार योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो. त्याला रेशनकार्ड व आधार दाखवून दाखल झाल्याबरोबर भेटावे, बिल तयार झाल्यावर नव्हे. एका खासगी हॉस्पिटलात डिपॉझिटच्या खिडकीवरून मला तीनदा परत पाठवले गेले तेव्हा हा धडा चांगलाच ठसला.

दुसरीकडे हलवायचे ठरले तर ईसीजी, सीटीची फिल्म आणि दिलेल्या औषधांची वेळ लिहिलेले पत्र हातात घेतल्याशिवाय निघू नये. स्वतःच्या मर्जीने नेत असाल तर डामाच्या, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत असल्याच्या, कागदावर सही घेतात. तो वाचून सही करावी. आणि डोक्याला मार लागलेल्याला स्कॅन करून किंवा न करताही घरी सोडले, तर कोणत्या लक्षणांनी परत यायचे हे लिहून मागावे: वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलटी, झोपेतून उठवता न येणे, नाका-कानातून पाणी किंवा रक्त. पहिल्या रात्री घरात एक माणूस जागा राहावा आणि त्याने पेशंटला अधूनमधून हलवून नाव विचारावे.