नादारीच्या अर्जावर बसणारा न्यायाधीश

अमेरिकेत दिवाळखोरीचे न्यायाधीश वेगळे असतात, 14 वर्षांसाठी नेमलेले. आपल्याकडे असं स्वतंत्र केडर नाही. कोकणातल्या कोर्टात दिवाणी दावे आणि फौजदारी खटले चालवणारे जिल्हा न्यायाधीशच नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज आला की तोही चालवतात.

2016 ची नादारी व दिवाळखोरी संहिता आली म्हणजे 1920 चा प्रांतिक नादारी कायदा संपला, असं नवे वकीलही धरून चालतात. संपलेला नाही. संहितेतला व्यक्तींबद्दलचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला, तोही फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. त्यामुळे देवगडचा आंबा व्यापारी बुडाला तर अर्ज आजही ओरोसच्या सिंधुदुर्ग जिल्हा न्यायालयात जातो.

त्या अर्जात आधी तारखा बघायच्या. धनकोने, म्हणजे पैसे येणं असलेल्याने, अर्ज केला असेल, तर ऋणकोचं (कर्जदाराचं) नादारीचं कृत्य, म्हणजे देणी बुडवायला मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करणं किंवा तोंड लपवणं असलं काही, अर्जाआधीच्या तीन महिन्यांतलं हवं. एक दिवस उलटला तरी अर्ज पडतो. मग बक्षीसपत्रं. बँकेची नोटीस आली की बाग बायकोच्या नावावर करायची, हा ठरलेला उद्योग. असा मोबदल्याविना दिलेला दस्त झाल्यापासून दोन वर्षांत नादारीचा अर्ज दाखल झाला आणि पुढे माणूस नादार ठरला, तर रिसीव्हरला, म्हणजे नादाराची मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेल्या माणसाला, तो रद्द करून घेता येतो.

खरी कसोटी सातबाऱ्यावर लागते. एकाच गटावर आजोबांच्या सगळ्या वारसांची नावं, निम्मे मुंबईत, वाटप कधी झालेलंच नाही. रिसीव्हरकडे येतो तो नादाराचा तेवढा हिस्सा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कूळ कायद्याच्या कलम 43 ची (कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकू नये, अशी) नोंद असेल तर ती अट सुटलीय का, हे लिलावाआधी बघावं लागतं. नाहीतर बोली लागते आणि खरेदीखत अडतं. शिवाय शेतजमीन घेणारा शेतकरी हवा. शेतकऱ्याचं राहतं घर, अवजारं, बी-बियाणं, स्वयंपाकाची भांडी, मंगळसूत्र याला हात लावता येत नाही. पण आंब्याची कलमं दरवर्षी कराराने देऊन स्वतः ठाण्यात राहणारा ‘शेतकरी’ ठरतो का, यावर तासन्‌तास युक्तिवाद चालतो. मालकीचे असले सगळे प्रश्न नादारी कोर्टच ठरवू शकतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाची अपिलं ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात.

कंपनी बुडाली तर मात्र मुंबईचं राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण. तिथला न्यायिक सदस्य व्हायला उच्च न्यायालयाचा न्यायाधीश, पाच वर्षं जिल्हा न्यायाधीश किंवा दहा वर्षं वकील असावं लागतं. शेजारी तांत्रिक सदस्य बसतो, आणि ताळेबंद वाचताना त्याचा खरा आधार होतो. थकबाकी किमान 1 कोटी हवी. अर्ज दाखल करून घ्यायचा की नाही ते 14 दिवसांत, पुढची प्रक्रिया 180 दिवसांत, फार ताणली तरी 330. प्रत्यक्षात हे आकडे क्वचितच पाळले जातात.

माल पुरवणाऱ्याचे अर्ज इथे एका कागदावर फुटतात. मागणी नोटिशीच्या आधीचा ‘माल खराब निघाला’ असा ईमेल कंपनीने दाखवला आणि तो वाद निव्वळ बनाव नसला, की अर्ज फेटाळला जातो.

जिल्ह्यातून आलेल्या न्यायाधीशाला सवय मोडावी लागते ती इथे. 66 टक्के मतांनी धनकोंच्या, म्हणजे मुख्यतः बँकांच्या, समितीने कंपनी सावरायचा आराखडा मंजूर केला, तर रक्कम कमी वाटते म्हणून तो नाकारता येत नाही. कायद्यात बसतो का, एवढंच तपासायचं. रत्नागिरीची एखादी मासळी प्रक्रिया कंपनी धरा. शीतगृहाची वीज तुटली तर दोन दिवसांत माल कुजेल. स्थगनाच्या, म्हणजे कंपनीवरची वसुली थांबवलेल्या, काळात वीज चालू ठेवायचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकतं, मात्र त्या काळातलं बिल भरलं पाहिजे. पण तो कारखाना कुणाला, कितीला द्यायचा, हे बँकाच ठरवणार.