स्फिंक्सने पितळ उघडं पाडलं

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज एकदाचं स्फिंक्स बसवलं, म्हणजे पायथॉन कोडमधल्या टिपांवरून माहितीची पानं बनवून देणारं साधन. दोन महिने नुसतं 'पुढच्या आठवड्यात नक्की' चाललं होतं. टीममध्ये नवीन आलेली मुलगी रोज विचारते, "दादा, हे फंक्शन नक्की काय परत देतं?" मला तरी कुठे आठवतंय! मग तिच्यासमोरच कोड उघडून वाचत बसायचं.

बसवणं सोपं निघालं. क्विकस्टार्टच्या चार प्रश्नांना उत्तरं दिली, कॉन्फ फाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलीत, दोन जोडण्यांची नावं घातली: कोडमधून टिपा उचलणारं ऑटोडॉक आणि त्या टिपांची मांडणी समजून घेणारं नेपोलियन. जेवायच्या आधी पानं तयार. पान उघडलं तर 41 पैकी फक्त 6 फंक्शनं! वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. चुकलं काहीच नव्हतं. डॉकस्ट्रिंग, म्हणजे फंक्शनच्या सुरुवातीला लिहिलेली माहितीची टीप, नसलेलं काही ऑटोडॉक आपणहून दाखवतच नाही. 'अनडॉक-मेंबर्स' हा पर्याय लिहिल्यावर बाकीची 35 आली, पण नुसती नावं. खाली कोरं. हजेरीपटासारखं.

मग सर्व्हरवर चढवलं, तर एक अख्खं मॉड्यूल, म्हणजे कोडची एक फाइलच, पानांतून गायब. आणि शेवटी मात्र ऐटीत 'बिल्ड सक्सीडेड, 1 वॉर्निंग'. तासभर गेला त्यात. ऑटोडॉक कोड नुसता वाचत नाही, इम्पोर्ट करतं, म्हणजे फाइलमधलं वरवरचं सगळं चालतं. आमच्या एका फाइलीत पहिल्या दहा ओळींतच डेटाबेसची जोडणी. माझ्या लॅपटॉपवर डेटाबेस चालू, म्हणून तिथे सगळं गोड. सर्व्हरवर तो नाहीच. मॉक-इम्पोर्ट्स, म्हणजे खऱ्याऐवजी खोटी मॉड्यूल्स दाखवायची सोय, वापरून झाकता आलं असतं, पण लाज वाटली. जोडणी फंक्शनच्या आत हलवली. आता कोड पुश केला, म्हणजे सर्व्हरकडे पाठवला, की पानं आपोआप बनतात, आणि बिल्डला डब्ल्यूचा पर्याय लावलाय: वॉर्निंग आली की बिल्ड पडणार.

खरा दणका नंतर बसला. सवलतीच्या फंक्शनखाली सुबक अक्षरांत छापलेलं: 'रक्कम रुपयांत द्यावी'. कोड पैशांत हिशोब करतो, गेल्या वर्षीपासून. बदल कुणी केला म्हणून गिट ब्लेम पाहिलं, कुठली ओळ कुणी बदलली ते त्यात दिसतं. मीच. कोड बदलला, वरची ओळ तशीच सोडली. फाइलीत होती तोवर ती कुणी वाचत नव्हतं. आता डाव्या बाजूला अनुक्रमणिका, वर शोधायची चौकट, आणि मधोमध माझं खोटं. इतक्या नीटनेटक्या पानावर शंका कोण घेणार?

गेओर्ग ब्रांडलने 2008 साली स्फिंक्स आणलं ते पायथॉनच्या स्वतःच्या दस्तऐवजांसाठी. गंमत म्हणजे ती पानं मुख्यतः माणसांनी हातानं लिहिलेली आहेत. हे आधी लक्षात घेतलं असतं तर 'ऑटो' या शब्दाला एवढा भुललो नसतो.

झोपण्याआधी तीन डॉकस्ट्रिंग लिहिल्या. तिसरीला वीस मिनिटं लागली, कारण ते फंक्शन रिकामी यादी कधी देतं आणि नन (म्हणजे 'काहीच नाही') कधी, हे मलाच चालवून पाहावं लागलं. अजून 32 बाकी. उद्या त्या नवीन मुलीला लिंक पाठवतो, पण सवलतीचं पान आधी दुरुस्त करून.